उन्हाच्या पुढे

“बाईमाणसानं ज्योत आणल्याचं कुणी ऐकलंय का कधी?” चिमाजीभाऊजींनी विचारलं आणि देवळाच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

मी पायरीशी उभी होते. खांद्यावर दामू होता, जेमतेम वर्षाचा. त्याला आडवं ठेवायची सोय नव्हती. आडवा ठेवला की डांग्या खोकल्याची उबळ यायची, पोर काळंनिळं व्हायचं, आणि हूप करून तो श्वास ओढेपर्यंत माझाही श्वास अडकून राहायचा.

“बाबा, तुम्ही सांगा,” भाऊजी म्हणाले.

नामाजीबाबा गावातले सगळ्यात म्हातारे. देवीच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सावकाश तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि मग म्हणाले, “ऐकलं तर न्हाई बा. पण आणू नये, असं कुणी सांगितल्याचंबी ऐकलं न्हाई. ज्योत वरच्या घरानं आणायची, येवढंच ठरलेलं हाय. सून वरच्या घरची हाय का न्हाई?”

“हाय की. पण तिची दशा बघा. उभ्या उभ्या डुलतीया.”

सगळे हसले. मी खरंच डुलत होते. पोराला थोपटता थोपटता आईला डुलायची सवय लागते, पण ते तेवढंच नव्हतं. कित्येक रात्री माझी पाठ जमिनीला लागलेली नव्हती.

“डुलत का होईना भाऊजी,” मी म्हटलं, “तुमच्या आधी वर पोचेन.”

“वर काय, शेळीबी पोचते वहिनी. उन्हाच्या आधी खाली यायचं असतंय.”

आमच्या देवराळ्याची ही गोष्ट बाहेरच्या माणसाला नीट सांगावी लागते. गावाच्या मावळतीला करंजाईचा डोंगर. देवीचं मूळ ठाणं वर, माथ्यावर, आणि खाली गावात तिचं दुसरं देऊळ. घटस्थापनेच्या सकाळी उगवतीच्या रांगेवरून सूर्य वर आला की त्याचं पहिलं ऊन माथ्यावरच्या कळसावर पडतं. त्या क्षणी पुजारी ज्योत पेटवतो. मग ऊन डोंगरावरून खाली उतरायला लागतं आणि ज्योत घेतलेला माणूसही उतरायला लागतो. गाव खोलगट जागेत आहे, तिथं ऊन सगळ्यात शेवटी येतं. त्या उन्हाच्या आधी ज्योत देवळात पोचली पाहिजे. पोचली तर ज्योत आणायचा आणि दीपमाळेचा पहिला दिवा लावायचा मान त्याच घराकडे राहतो. नाही पोचली, तर दुसऱ्या घराकडे जातो, आणि त्या घराचा माणूस चुकेपर्यंत तिथंच राहतो.

दुसरं घर म्हणजे खालचं घर, चिमाजीभाऊजींचं. माझ्या नवऱ्याचे लांबचे चुलतभाऊच ते. त्यांच्या आजोबांचा पाय खिंडीत मुरगळला तेव्हापासून मान आमच्याकडे होता, आणि खालचं घर तेव्हापासून वाट बघत होतं.

ऊन आलं की नाही यावरून भांडण होऊ नये म्हणून जुन्या माणसांनी एक युक्ती काढलेली होती. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस दीपमाळेच्या पायथ्याशी, उगवतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसायचा. पापण्यांवर ऊन लागलं की त्यानं डोळे उघडायचे. समोर ज्योत असली तर असली. एका ढगाळ वर्षी नामाजीबाबा जेवणवेळेपर्यंत डोळे मिटून बसले होते म्हणतात, आणि लोकांनी त्यांना केळं सोलून भरवलं होतं.

दर वर्षी माझा नवरा लहानू धावायचा. त्या वर्षी त्याला हिवतापानं धरलं. एक दिवस बरा, दुसऱ्या दिवशी घोंगड्यांचा ढीग अंगावर घेऊनही दात वाजायचे. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिवाला भीती नाही म्हणाले, पण नवरात्र तोंडावर आलं होतं आणि त्याला अंगणापर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. घरात दुसरा पुरुष नव्हता. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहिलो आम्ही दोघी, मी आणि आत्याबाई. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात.

“मी धावते,” असं मी म्हटलं तेव्हा लहानू भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला. चेहरा पिवळा पडलेला, पण डोळ्यांत थोडी जान आली.

“मथुरा, तू?”

“शाळेत असताना तालुक्याला पहिली आले होते. विसरलात?”

“ते मैदान होतं गं. सपाट.”

“आणि मैदानावर यायच्या आधी मी काय विमानातून यायचे? आमच्या वाडीहून शाळेला येताना दोन डोंगर होते.”

तो हसला. हसल्यावर त्याला धाप लागली. मग त्यानं मला मांडीशी बसवून डोंगर समजावला. कुठल्या दगडावर शेवाळ असतं, खिंडीत वारा कुठल्या बाजूनं येतो, ज्योतीला तेल कधी पाजायचं. सर्वांत महत्त्वाचं त्यानं शेवटी सांगितलं.

“ऊन सगळीकडं सारखं चालत नाही. कड्यावर ते हळू उतरतं, मुंगीच्या चालीनं. पण पठारावर आलं की पळतं. तुझ्या डोळ्यांदेखत सुटतं. पठारावर त्याला कुणी गाठू शकत नाही. म्हणून कड्यावर कमवायचं. कड्यावर जो भ्यायला, तो गेला.”

खरं सांगते, मानाचं मला तेव्हा फार काही नव्हतं. दीपमाळेचा पहिला दिवा कुणी लावला यानं माझ्या चुलीत काय फरक पडणार होता? पण लग्न झाल्यापासून मी धावले नव्हते. पाण्याला गेले, गवताला गेले, हंडे आणि भारे डोक्यावर घेऊन चालले. मोकळ्या हातांनी, वारा अंगावर घेत धावले नव्हते. ती संधी देवीनं माझ्यापुढं ठेवली होती. लहानूला मान राखायचा होता, मला धावायचं होतं. दोघांचं काम एकच होतं.

आत्याबाईंना मात्र ते पसंत नव्हतं. त्या बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत नव्हतं. आत्याबाई मुळातच कमी बोलायच्या. काटक बाई, कपाळावर मोठं गोंदण, आणि नजर अशी की भाकरी करपायच्या आधीच मला कळायचं ती करपणार आहे.

मी सराव सुरू केला. उजाडायच्या बेताला दामूला पाजायचं, आत्याबाईंच्या खांद्यावर द्यायचं आणि निघायचं. खिंडीपर्यंत वर, तिथून धावत खाली. मग शेण, पाणी, भाकरी, लहानूच्या गोळ्या, आणि मधे दर थोड्या वेळानं ती उबळ. रात्री पोराला छातीशी उभं धरून भिंतीला टेकायचं. डोळा लागला की उबळ, उबळ गेली की रडणं. पायांत ताकद होती, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटायचं. एकदा तर मी रिकामा तवा चुलीवर ठेवून भाकरी उलटत बसले होते. लहानूनं विचारलं, “काय भाजतेस?” तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या सकाळी मी पडले. उतरताना रानातल्या वाटेवर, जिथं पडायचं काही कारणच नाही अशा जागी. पाय घसरला नाही की दगड लागला नाही. वाट समोर होती, आणि मग एकदम नव्हती. उठले तेव्हा दोन्ही गुडघे फुटलेले आणि तोंडात माती. घरी आल्यावर लुगडं खाली सोडून गुडघे झाकून घेतले, पण चुलीपुढं बसताना आत्याबाईंनी पाहिलंच.

“कुठं पडली?”

“रानात.”

“घसरली?”

“नाही. काय झालं कळलंच नाही.”

त्यांनी भाकरी तव्यावरून काढली, फुंकणी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, बस झाली थेरं. त्या म्हणाल्या, “रिवाजानं आदल्या सांजेला वर मुक्कामाला जावं लागतं. पोराचं काय करणार?”

तोच तर प्रश्न होता. रिवाज मोडता येत नव्हता आणि पोर सोडून राहता येत नव्हतं.

“बरोबर नेते.”

“तसल्या खोकल्यात? वर वारा सुटलेला असतो.”

“मग काय करू आत्याबाई? तुम्हीच सांगा.”

“मीबी येते,” त्या म्हणाल्या.

आत्याबाई डोंगर चढत नसत. मी लग्न होऊन आल्यापासून त्या कधी करंजाईला वर गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. खालूनच हात जोडायच्या. मला वाटलं, माझ्यावर डोळा ठेवायला येताहेत. पोराला काही झालं की तिथल्या तिथं मला सांगायला, की बघ, म्हणत होते मी.

आदल्या दिवशी मी नुसत्या भगरीवर आणि दुधावर होते. अंगावर पाजणाऱ्या बाईला तेवढं चालतं, असं नामाजीबाबांनी जाहीर केलं. चिमाजीभाऊजी म्हणाले, “आता काय, पुढच्या साली चहाबी चालंल.” लहानू भिंत धरून उंबऱ्यापर्यंत आला आणि त्यानं ज्योतीचा दांडा माझ्या हातात दिला. वर लोखंडी वाटी, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कमरेला तेलाची बुधली.

“भिऊ नकोस,” तो म्हणाला.

“तुम्ही गोळी चुकवू नका,” मी म्हटलं.

पाऊस उघडून थोडेच दिवस झाले होते. सगळा डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला. चढताना दामू माझ्या पाठीशी बांधलेला, आत्याबाई मागून. त्या चांगल्या चढत होत्या, मीच थांबत होते. पठार ओलांडून कड्याशी आलो. तिथं तेव्हा लोखंडी शिडी नव्हती. जाड वासे, त्यांना वेलींनी बांधलेल्या आडव्या फळ्या. आत्याबाई तिथं थांबल्या. मी म्हटलं, “दमलात तर पोराला माझ्याकडे द्या, तुम्ही हात मोकळे ठेवून या.” पोर माझ्याच पाठीवर होतं, ते माझ्या लक्षातही नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि शिडी चढल्या. एकेका फळीला घट्ट धरून, खाली न बघता.

माथ्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. भिवाबाबा पुजाऱ्यांनी देवळामागची दगडी खोली झाडून ठेवली होती. ते स्वयंपाक बाहेर उघड्यावर करत, त्यामुळे खोलीत धुराचा मागमूस नव्हता. स्वच्छ, गार हवा. मी दामूला पाजलं आणि नेहमीसारखी उबळीची वाट बघत बसले. उबळ आली, पण हलकी. मग तो माझ्या दंडावर मान टाकून झोपला. मी भीत भीत त्याला आडवा ठेवला. झोपलेलाच राहिला. आत्याबाई त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“तूबी पड जरा,” त्या म्हणाल्या.

“नको. पहाटे उठायचं आहे.”

“मी हाय ना जागी.”

मी नुसती टेकले. तेवढंच आठवतं.

जाग आली ती आरडाओरड्यानं. भिवाबाबा दारात उभे राहून ओरडत होते, “अगं बये, उठीव तिला! कळसावरनं ऊन खाली आलं! भिंतीवर आलं!”

आणि त्यांच्यापुढं दार अडवून आत्याबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात ज्योत होती. पेटलेली.

“झोपू द्या अजून जराशी,” त्या म्हणत होत्या.

मी ताडकन उठले. दामू झोपलेला होता. पहिल्यांदा त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास संथ चालला होता. बाहेर आले तर अंगण उन्हानं पिवळंधमक झालेलं. लहानू ज्या क्षणी निघायचा तो क्षण कधीच होऊन गेला होता. ऊन माथ्यावरून कड्याकडे सरकत होतं.

“का नाही उठवलंत?”

“घे,” त्यांनी ज्योत पुढं केली.

“आत्याबाई, का नाही उठवलंत मला?”

“पोराकडं मी बघते. तू निघ.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की तो शब्दांत मावला नसता. मान गेला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, नवऱ्याचं मन मोडणार, आणि यांना काय, सुनेनं धावू नये तर धावू नये, यांची जीत झाली. मी ज्योत हिसकून घेतली, काष्टा खोचला, छाती जुन्या पातळाच्या पट्टीनं करकचून बांधली, आणि सुटले.

सूर्य थेट तोंडासमोर होता. एरवी ज्योतवाला सावलीतून धावतो, ऊन त्याच्या मागे असतं. मी उन्हात होते आणि सावली माझ्या पुढे, खाली. डोंगराच्या अंगावर तिची कड स्पष्ट दिसत होती, वर पिवळं, खाली निळं. मला ती कड गाठायची होती आणि मग तिच्यापुढं राहायचं होतं.

पहिल्या पायऱ्या मी बघितल्याच नाहीत. पाय आपोआप पडत होते. आणि मग कड्याच्या तोंडाशी आले तेव्हा एक नवल वाटलं. मला प्रत्येक दगड दिसत होता. दगडावरचं शेवाळ, शेवाळावरचा ओलावा, कुठं टाच टेकेल आणि कुठं नुसता चवडा. कितीतरी दिवसांत मला जग असं धारदार दिसलं नव्हतं. डोक्यातला कापूस गेला होता. पाय हलके होते. राग होताच, पण तो खाली पोटात जाऊन कोळशासारखा नुसता तापत होता.

शिडीवर एक हात ज्योतीला, एक हात वाशाला. उलटं न वळता, तोंड दरीकडे ठेवून उतरले. लहानूनंही असं कधी केलं नसेल. उन्हाची कड शिडीच्या मधोमध होती. ऊन तिथं खरोखरच मुंगीच्या चालीनं चाललं होतं. मी वरच्या फळीवर उन्हात होते आणि खालच्या फळीवर सावलीत. अंगावर गारवा आला, तेव्हा मला हसू फुटलं. एकटीच हसले, मोठ्यानं.

पण पुढं पठार होतं. लहानूनं सांगितलं होतं तसंच झालं. मी सोनकीतून धावत होते आणि मागे वळून बघितलं तर कड कड्यावरून खाली पठारावर उतरली होती आणि भरतीच्या पाण्यासारखी माझ्यामागे पळत येत होती. फुलं एकेक करून पेटावीत तशी माझ्या टाचांपर्यंत पिवळी होत आली. मी पुन्हा मागे बघितलं नाही. खिंडीत शिरले आणि वाऱ्यानं ज्योत आडवी पाडली. निळी, बोटाएवढी राहिली. दांडा पोटाशी धरला, पाठ वाऱ्याला दिली, आणि धावता धावता बुधलीचं बूच दातानं काढून थोडं तेल पाजलं. जास्त पाजलं असतं तर चिंध्या बुडून ज्योत गुदमरली असती. फस्स झालं, काळा धूर झाला, आणि मग जाळ वर आला.

रानातून उतरताना बांधलेल्या छातीत ठणका सुरू झाला. दामूची पाजायची वेळ होऊन गेली होती. दूध पट्टीतून पाझरून लुगडं ओलं झालं होतं. जिथं आधी पडले होते ती जागा आली. या वेळी वाट माझ्यासमोरच होती, दरेक पावलाला.

ओढा ओलांडला, वरईच्या वावरांतून बांधाबांधानं पळाले आणि देवळाचं शिखर दिसलं. शिखरावर ऊन होतं. दीपमाळेच्या टोकावरही. ढोल वाजत होते ते मला बघून थांबले, आणि मग दुप्पट जोरानं वाजायला लागले.

“आलं! ऊन आलं!” चिमाजीभाऊजी ओरडत होते. “बाबा, डोळे उघडा! तुमच्या पागोट्यावर ऊन आलंय!”

नामाजीबाबा डोळे मिटून दगडासारखे बसले होते. “पागोट्यावर आलंय. डोळ्यांवर आलं का?”

“कपाळावर आलं!”

“कपाळानं मला दिसत न्हाई, चिमा.”

मी गर्दीतून शिरले. कुणीतरी बाजूला झालं, कुणीतरी पायांवर पाणी ओतलं. बाबांच्या कपाळावरच्या आठ्यांपर्यंत ऊन उतरलं होतं. मी ज्योत त्यांच्यापुढं धरली आणि उभी राहिले. ढोल थांबले होते; माझा श्वास इतका मोठ्यानं चालला होता की सगळ्या आवारात तेवढाच आवाज होता. ऊन भुवयांवर आलं. मग पापण्यांवर. बाबांनी डोळे उघडले, ज्योत बघितली, मला बघितलं.

“वरच्या घराची हाय,” ते म्हणाले, आणि मग हळूच, “पाणी द्या रे पोरीला.”

चिमाजीभाऊजींनीच तांब्या आणून दिला. “वहिनी,” ते म्हणाले, “आमच्या आजोबांच्या वेळी तुम्ही कुठं होता?”

लहानू घोंगडीत गुंडाळून ओट्यावर बसला होता. त्याला उठवून उभं केलं, त्यानं माझ्या हातून ज्योत घेऊन पहिला दिवा लावला. मी त्याचं मनगट धरलं होतं.

“दामू?” त्यानं विचारलं.

“झोपलाय. रात्रभर.”

“रात्रभर?” मानाचं ऐकून त्याच्या तोंडावर जे आलं नव्हतं ते हे ऐकून आलं.

बायकांनी मला हळदकुंकू लावलं, ओटी भरायला बसवायला लागल्या. मी म्हटलं, पोर वर आहे, मला जाऊ द्या. केळं खाल्लं आणि पुन्हा डोंगराला लागले. चढताना तोंडात शब्द जुळवत होते. बाई म्हणून मला मागं ओढलंत. नवऱ्याला हरवायला निघाला होतात. तुमच्याच मुलाला. सगळं क्रमानं लावून ठेवलं होतं.

आत्याबाई मला शिडीच्या वर बसलेल्या सापडल्या. कड्याच्या काठापासून चांगल्या मागे, मांडीवर दामू. तो जागा होता आणि मूठ चोखत होता. मला बघून दोन्ही हात पुढं केले. मी शिडी चढून वर गेले, त्याला घेतलं, पट्टी सोडली आणि पाजायला बसले. बराच वेळ फक्त त्याच्या घटाघटा गिळण्याचा आवाज.

“पडली न्हाईस?” आत्याबाईंनी विचारलं.

मान राहिला का, हे त्यांनी विचारलंच नाही. माझे जुळवलेले शब्द जागच्या जागी राहिले.

“नाही,” मी म्हटलं. “आत्याबाई, तुम्ही मला का झोपू दिलंत?”

त्या खाली पठाराकडे बघत होत्या. मग बोलल्या, तेही माझ्याशी नाही, त्या उन्हातल्या पठाराशी बोलल्यासारखं.

“लहानूच्या आधी एक होता माझा. त्यालाबी हाच खोकला. तुझ्यासारखीच मी, अशीच उभी धरून. मग देवीच्या पायाशी घालते म्हणून एकटीच घेऊन आले. उतरताना हितं,” त्यांनी शिडीच्या डाव्या हाताच्या कपारीकडे बोट केलं, “हितं शिडी न्हवती तवा, वाट होती. चालता चालता डोळा लागला माझा. चालता चालता, मथुरा. कुणाला खरं वाटत न्हाई. पाय चालत होते अन् मी झोपले होते.”

दामू प्यायचा थांबला आणि पुन्हा प्यायला लागला.

“मी खालच्या झुडपात अडकले. त्यो न्हाई अडकला.” त्यांनी दामूचं पाऊल मुठीत धरलं. “खोकल्यानं गेला म्हणून सांगितलं. तुझ्या सासऱ्यालाबी तेच सांगितलं. तुझे गुडघे पाहिले अन् मला कळलं, तू कशी पडलीस ते. मान जाऊ दे गेला तर. मान काय, फिरून येतो.”

पोराचं पोट भरलं, त्यानं ढेकर दिली आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. मी त्याला पाठीशी बांधलं, गाठ दोनदा तपासली आणि उठले.

“चला आत्याबाई. घरी लोक वाट बघताहेत.”

त्या उठल्या, काठापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या. काल मला ज्या दमलेल्या वाटल्या होत्या, त्या दमलेल्या नव्हत्या. गेली कितीतरी वर्षं त्या इथून उतरल्याच नव्हत्या. चढताना वर बघता येतं. उतरताना खाली बघावं लागतं.

“मला न्हाई जमायचं,” त्या म्हणाल्या.

“जमेल. मी पुढं होते. तुम्ही खाली बघूच नका, डोंगराकडं तोंड करा. पाय खाली सोडा, मी धरते.”

मी दोन फळ्या उतरून थांबले आणि हात वर केला. बऱ्याच वेळानं त्यांचा पाय खाली आला, अनवाणी, भेगाळलेला, हवेत चाचपडत. मी तो धरला आणि फळीवर ठेवला.

“हा टेकला. आता दुसरा सोडा.”

दुसराही आला. तोही ठेवला. त्या थांबल्या नाहीत आणि मीही थांबू दिलं नाही. ऊन आता सगळ्या दरीत भरलं होतं, कुठं जायची घाई उरली नव्हती.

“पुढच्या सालीबी तूच धाव,” मधेच त्या वरून म्हणाल्या. “लहानू बरा झाला तरी.”

“बोलू नका,” मी म्हटलं. “पाय सोडा.”